पिकलं पान होतं, मग रडायचंच नाही का?

प्रश्न : ताई, मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातली. वय २०. यवतमाळला होस्टेलवर राहून बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. मागच्या जूनमध्ये माझे आबाजी वारले. वय ८४. दुखणं असं काही नव्हतं. सकाळी चहा घेतला, छपरीतल्या बाजेवर लवंडले, ते उठलेच नाहीत.

आई-बाबा दिवसभर वावरात असायचे, त्यामुळे मला वाढवलं आबाजींनीच. आठवीपासून बारावीपर्यंत रोज सकाळी काठी टेकत फाट्यापर्यंत सोबत यायचे. मानव विकासची निळी बस येऊन मी चढेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. होस्टेलवर आले तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला त्यांचा फोन. "जेवली का व?" एवढंच विचारायचे. मी हो म्हटलं की फोन बंद.

तेरवीच्या रात्री पाऊस आला आणि दुसऱ्या दिवशी बाबा सरकी टोबायला गेले. मी होस्टेलवर परतले. पहिले काही महिने मला फार काही वाटलंच नाही, इतकं की माझीच मला लाज वाटायची. दिवाळीत घरी गेले तर आबाजींची बाज कोठ्यात उभी करून ठेवलेली आणि छपरीत त्यांच्या जागेवर कापसाचा ढीग. तेव्हापासून जे सुरू झालं ते थांबत नाही. सात वाजत आले की छातीत कसंतरी होतं. पुस्तक उघडलं की एकच ओळ वाचत बसते.

घरी रडायची सोय नाही. मोठी आत्या म्हणते, "कायले रडतं व, पिकलं पान होतं, गळलं. सोनं झालं त्यायचं." काका म्हणतात, पोरगा गेल्याचं कळलं तेव्हा गाडगेबाबा म्हणाले, 'ऐसे गेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी', आणि तू म्हाताऱ्या माणसासाठी रडतं. बाबा तर एकदाही रडले नाहीत. कापसाच्या पहिल्या वेच्याला सीतादहीची पूजा आबाजीच करायचे. यंदा बाबांनी एकट्यानं केलं, घरी आले आणि न जेवता झोपले. मोबाइलवर वाचलं की दुःखाच्या पाच पायऱ्या असतात. मी कोणत्या पायरीवर आहे तेच कळत नाही. सात महिने होत आले, कमी व्हायचं सोडून वाढतच आहे. आणि एक, आबाजींची पान-सुपारीची चंची मी कोणाला न सांगता इथं घेऊन आले. रूममेट म्हणते, मेलेल्या माणसाची वस्तू उशाशी ठेवू नये. चूक आहे का हे?

उत्तर : पोरी, चंची राहू दे उशाशी. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी सांगते, कारण सगळं पत्र मोठ्या अक्षरात लिहून ही एक ओळ तू कागदाच्या कडेला अगदी बारीक लिहिली आहेस.

तुझी आत्या खोटं बोलत नाही. हाल झाले नाहीत, अंथरुणाला खिळले नाहीत, नातवंडं शिकताना पाहिली. असं माणूस गेलं की गावात 'सोनं झालं' म्हणतात आणि मनापासून म्हणतात. पण ते झालं आबाजींच्या आयुष्याबद्दल. तुझा हिशेब त्यात कुठं आलाच नाही. तुझं गेलं ते रोज सातला 'जेवली का व' विचारणारं माणूस. ते ४८ वर्षांचं असतं काय आणि ८४ वर्षांचं असतं काय, सातला फोन वाजत नाही तो नाहीच.

मयतीच्या घरात नातीच्या वाट्याला काय येतं, हे मी खूप घरांमधून पाहिलं आहे. बाया येतात, भिंतीशी बसलेल्या सुनेच्या, लेकीच्या गळ्यात पडतात, सगळ्या मिळून मोठ्यानं रडतात. नात तेव्हा चुलीपुढं असते. चहा किती जणांचा टाकायचा, साखर पुरेल का, पाण्याचा गुंड भरला का, हे तिच्याकडे. कोणी तिला जवळ घेत नाही. आलेल्यांचं काही चुकतं असं नाही, मयतीच्या घरची रीतच तशी पडून गेली आहे. मुलगा, सून, लेक यांचं दुःख मानाचं. नातवंडांचं मोजायची पद्धतच नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ मध्ये अशा दुःखाची वेगळी मांडणी केली होती. भोवतालचे लोक ज्या दुःखाला दुःख म्हणून मान्यताच देत नाहीत, ते माणसाला चोरून करावं लागतं आणि त्याला लाजही चिकटते. आजी-आजोबांचं जाणं त्यात हटकून येतं. तुझ्या पत्रात 'लाज' हा शब्द आलाच आहे.

काकांनी ऐकवलेलं वाक्य आपल्या भागात सगळ्यांना पाठ असतं. पण गाडगेबाबांनी ते म्हटलं ते स्वतःच्या मुलासाठी, स्वतःच्या काळजाला. शेजारी रडणाऱ्याला गप्प करायला म्हटलं नव्हतं. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ गाडगेबाबा गेले, तेव्हा अमरावतीला लोटलेली माणसं काही कोरड्या डोळ्यांनी आली नव्हती. काकांना उलटून बोलू नको, त्यांनाही भाऊबंदांत धीर धरून उभं राहायचं आहे. पण त्या वाक्यानं स्वतःला दटावू नको.

आता 'वाढतच आहे' याबद्दल. तू लिहिलेला क्रम पुन्हा वाच. जूनमध्ये आबाजी गेले, तू होस्टेलवर परतलीस. होस्टेलवर ते आधीही नव्हतेच. तुझ्या मनानं त्यांना गावी ठेवून दिलं, छपरीत, बाजेवर. फोन येत नव्हता, तेही मनानं कसंबसं निभावून नेलं. दिवाळीत ती जागा डोळ्यांनी पाहिलीस आणि मग मनाला काही आधार उरला नाही. घरच्यांचे आबाजी जूनमध्ये गेले. तुझे गेले दिवाळीत. म्हणजे तू सात महिने रेंगाळलेली नाहीस, तुला आत्ता कुठं दोन-अडीच महिने होत आहेत. बाहेरगावी शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मुलांचं असं फार होतं. पहिले महिने बधिर गेले म्हणून तुझं प्रेम कमी होतं असं मुळीच नाही. इतकं मोठं काही मनाला एकदम घेता येत नाही, म्हणून ते हप्त्याहप्त्यानं घेतं.

त्या पाच पायऱ्या सोडून दे. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या आणि मोबाइलवर तर त्यांचा पार जिना करून टाकला आहे. नकार झाला, आता राग यायला हवा, राग आला नाही म्हणजे माझं कुठंतरी अडलं, असं समजून मुली माझ्याकडे येतात. कोणी रागाशिवायच सावरतं. कोणी सकाळी शांत असतं आणि संध्याकाळी पुन्हा पहिल्या दिवसावर जातं. यात नापास होण्यासारखं काही नाही.

मला जास्त उपयोगी वाटते ती नेदरलँड्सच्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांची १९९९ मधली मांडणी. ते म्हणतात, दुःखातलं माणूस दोन बाजूंना ये-जा करतं. एकदा गेलेल्या माणसाकडे, आठवणींकडे, रडण्याकडे. एकदा समोरच्या कामाकडे, परीक्षेकडे, दळण आणण्याकडे. दोन्ही लागतं. सतत रडत बसलं तरी माणूस खचतं आणि सतत कामात बुडवून घेतलं तरी खचतं. तुझं सध्या काय होतंय? अभ्यासाला बसलीस की आबाजी येतात आणि आबाजींची आठवण काढायला बसावं तर अभ्यास राहिल्याची टोचणी. धड इकडं नाही, धड तिकडं नाही.

म्हणून सातची वेळ आबाजींना देऊन टाक. ती भरून काढायला मैत्रिणींत जाऊन बसू नको, रील्स पाहत बसू नको. सात ते साडेसात. चंची काढ, तिची गाठ सोड. अडकित्ता असेल त्यात, काताचे डाग असतील, सुपारीचं एखादं खांड असेल. रडू आलं तर येऊ दे. एक वही कर आणि त्यात आबाजी लिहून काढ. मोठं काही नको. बैलांची नावं काय होती. कोणत्या साली कोणतं वावर घेतलं किंवा विकलं. फाट्यावर बसची वाट पाहताना ते काय बोलायचे, की गप्पच उभे राहायचे? तुला शिव्या कोणत्या द्यायचे? साडेसातला चंची बांध, जेवायला जा आणि मग पुस्तक उघड. पहिले काही दिवस अर्ध्या तासात आवरणार नाही. नंतर आवरेल. कॉलेजातल्या एखाद्या मॅडमला एवढंच सांग, 'घरी मयत झाली आहे, माझं लक्ष लागत नाही.' आजोबा गेले हे सांगायला संकोच करू नको.

बाबांचं मला तुझ्यापेक्षा जास्त वाटलं, पोरी.

मी इतकी वर्षं ग्रामीण रुग्णालयात समुपदेशनाच्या खोलीत बसते. आपल्याकडचा शेतकरी 'मला दुःख झालं' असं सांगत येत नाही. तो अंग दुखतं म्हणून येतो, डोकं भणभणतं म्हणून येतो, भूक मेली म्हणून येतो. पन्नाशीतला एक गृहस्थ आला होता. रोज सकाळी वावरात पोटात गोळा यायचा. तपासण्या झाल्या, ईसीजी झाला, काही निघालं नाही, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवला. बराच वेळ तो पिकाबद्दलच बोलला. मी विचारलं, गोळा साधारण किती वाजता येतो? म्हणाला, "धा वाजता." दहाला काय असतं? तो थांबला, दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "माय न्याहारी घेऊन यायची जी." माय जाऊन चार महिने झाले होते. घरात कोणाजवळ त्यानं एक अक्षर काढलं नव्हतं.

तुला सात वाजतात तसे तुझ्या बाबांनाही कधीतरी काहीतरी वाजत असणार. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ते सरकी टोबायला गेले, कारण पाऊस कोणासाठी थांबत नाही आणि पेरणी हुकली की वर्ष हुकतं. पण सीतादहीच्या दिवशी काय झालं ते तूच लिहिलंस. वावराच्या कोपऱ्यात पऱ्हाटीची पूजा, दहीभाताचा नैवेद्य, हे आजवर त्यांनी बापाच्या मागं उभं राहून केलं होतं. यंदा पुढं उभं राहावं लागलं. त्या दिवशी जे पोटात गेलं नाही, तेच त्यांचं रडणं होतं असं मला वाटतं.

त्यांना समोर बसवून 'बाबा, बोला ना' म्हणू नको. ते उठून कोठ्यात जातील. हात कामात असले की आपल्याकडचे पुरुष बोलतात. आता गावी जाशील तेव्हा कापसाचे मागचे वेचे चालू असतील, नाहीतर तुरीचं काम असेल. वेचायची ओटी बांध आणि त्यांच्या शेजारची ओळ धर. आबाजींची आठवण येते असं म्हणायची गरज नाही. विचार, 'हा वावराचा धुरा आबाजींनी घातला का, की आधीपासूनच होता?' मग गप्प राहा, वेचत राहा. उत्तर लगेच येणार नाही. आलं की मध्ये बोलू नको. ते घरी येऊन वहीत लिही, म्हणजे पुढच्या वेळी विचारायला आणखी काही सापडेल.

कापसाच्या ढिगाचा राग आईवर धरू नको. भाव वाढेल या आशेनं आपल्याकडे घरोघर कापूस साठवतात आणि मोकळी जागा दिसेल तिथं टाकतात. तुझ्या आईनंही त्या रिकाम्या बाजेकडे रोज पाहायचं टाळलं असेल, कोण जाणे. कापूस विकला की बाज पुन्हा छपरीत टाकू या का, एवढं विचारून पाहा. ती नाही म्हणाली तर हट्ट धरू नको.

चंचीकडे पुन्हा येते, कारण तुझी रूममेट एकटी तसं म्हणत नाही. गेलेल्या माणसाशी नातं तोडून पुढं जायचं, असं मानसशास्त्रातही बराच काळ मानलं जायचं. १९१७ मध्ये फ्रॉइडनं लिहिलं होतं की गेलेल्यात गुंतलेलं मन सोडवून घेणं हेच शोकाचं काम. पुढं १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बहुतेक माणसं नातं तोडत नाहीत, त्याला नवी जागा करून देतात, आणि त्यात आजारी असं काही नाही. आपल्या घरांमध्ये हे आधीपासून चालत आलेलं आहे. पितृपक्षात वडे, कढी, खीर होते, अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं घागर भरतात, आजोबांना आवडायची ती भाजी त्या दिवशी आठवणीनं करतात. तुमच्या घरी वर्षश्राद्धाआधी घागर भरायची रीत आहे की नंतर, ते आईला विचारून घे. भरतील तेव्हा तू घरी असावंस असं मला वाटतं. आणि पाणी तू ओत. मुली ओतत नाहीत असं कोणी म्हटलं तर सांग, आबाजींनी वाढवलं ते मला.

आता काळजीचं. रडू येणं, सातला छाती भरून येणं, परीक्षेत थोडं मागं पडणं, हे सगळं चालेल. पण जेवण सुटलं, झोप आठवडेच्या आठवडे उडाली, कॉलेजला जाणं बंद पडलं, आबाजींकडे निघून जावंसं वाटायला लागलं, तर वाट पाहत बसू नको. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं सरळ जा. रात्री-अपरात्री वाटलं तर सरकारच्या 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट आणि मराठीतून बोलता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेल्या शोकाचं निदान सहा महिन्यांच्या आत करत नाहीत, अमेरिकेतल्या यादीत मोठ्या माणसांसाठी किमान वर्ष धरतात. 'सात महिने झाले' म्हणून तू घाबरली आहेस, म्हणून हे सांगितलं. महिन्यांपेक्षा तुझा दिवस कसा चाललाय ते पाहायचं, आणि पत्रावरून तरी तुझा दिवस चालू आहे.

---

प्रश्न : मी तिवसा तालुक्यातली. श्रावणात सासूबाई गेल्या. माझा मुलगा सहा वर्षांचा, आजीजवळच झोपायचा. मयतीच्या दिवशी त्याला शेजारी पाठवलं. परत आल्यावर सांगितलं की आजी झोपली होती ती देवाघरी गेली. आता तो रात्री झोपतच नाही, मला सारखं हलवून उठवतो. पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला आहे. तान्ह्या पोळ्याला त्याचा लाकडी नंदी आजीच सजवायची. यंदा त्यानं कोणाला हातही लावू दिला नाही. पण दुपारी पोरांत गेला की हसतो-खेळतो. नाटक करतो का?

उत्तर : नाटक मुळीच नाही. लहान मुलं दुःख तुकड्यातुकड्यानं करतात. दहा मिनिटं रडतात आणि गोट्या खेळायला पळतात, कारण त्याहून जास्त त्यांना पेलत नाही. मोठ्यांना ते खोटं वाटतं. ओलं अंथरूण हाही त्याचाच भाग आहे, रागावू नका, चिडवू नका. बहुतेक मुलांचं आपोआप थांबतं.

तो झोपत का नाही, ते तुमच्याच पत्रात आहे. आजी झोपली आणि गेली, असं त्याला कळलं आहे. मग आई झोपली तर? म्हणून तो तुम्हाला हलवून पाहतो. बाई, त्याला उद्याच जवळ घेऊन सांगा की आजी झोपली नव्हती, आजी वारली. तिचं शरीर फार जुनं आणि आजारी झालं होतं, ते बंद पडलं. आता तिला दुखत नाही, भूक लागत नाही, ती परत येणार नाही. आपण रात्री झोपतो ते वेगळं, आपण सकाळी उठतो. हे एकदा सांगून भागणार नाही, तो पुन्हा पुन्हा विचारेल. साधारण पाच ते सात या वयात मेलेलं माणूस परत येत नाही हे मुलांना हळूहळू उमजायला लागतं, तुमचा मुलगा त्याच उंबरठ्यावर आहे. देवाघरी हा शब्द घरात चालू असेल तर चालू द्या, पण आधी 'वारली' हे स्पष्ट सांगा. नाहीतर देवाघरी जायला एसटी कुठून मिळते, असं तो विचारेल. एका पोरानं मला खरंच विचारलं होतं.

आणखी एक त्याला एकांतात विचारा. आजीवर तो कधी रागावला होता का, 'तू मर' वगैरे बोलला होता का? या वयाच्या मुलांना आपल्या बोलण्यानं माणूस मेलं असं वाटू शकतं आणि ते महिनोन् महिने कोणाला सांगत नाहीत. तसं काही निघालं तर ठामपणे सांगा की बोलण्यानं कोणी मरत नाही.

नंदीला कोणी हात लावला तर आजीनं बांधलेलं सुटेल, असं त्याला वाटलं असेल. मागच्या वर्षीची झूल, घुंगरं अजून त्यावर असतील तर तशीच राहू द्या. पुढच्या पोळ्याला त्यालाच विचारा, काय ठेवायचं आणि काय नवं लावायचं. आजीची वाकळ त्याला पांघरायला द्या, धुऊ नका इतक्यात. शाळेतल्या बाईंना झालेलं सांगून ठेवा. दोन-तीन महिन्यांतही झोप लागली नाही, शाळेला जाईनासा झाला किंवा खेळणंच थांबलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

---

प्रश्न : मी वणी तालुक्यातला, चाकणला कंपनीत कामाला. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आजी गेली. सकाळी फोन आला, पण सुट्टी मंजूर होईस्तोवर संध्याकाळ झाली. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालो, पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं. मी येईस्तोवर थांबा म्हणालो होतो. काका थांबले नाहीत. तिचं तोंडही पाहिलं नाही. काकांशी मी तेव्हापासून बोलत नाही. शेवटची रात्र वहिनी तिच्या उशाशी होती, तिच्याशीही बोलायचं टाळतो.

उत्तर : एप्रिलमध्ये वणीकडं ऊन किती असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. खेड्यात बर्फाची पेटी मिळत नाही, मिळाली तर लाइन राहत नाही. सकाळी गेलेलं माणूस दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं असतं, तर तुम्हाला जे तोंड पाहायला मिळालं असतं ते तुम्हाला पाहवलं नसतं. काकांनी हेच टाळलं, पण हे शब्द त्यांना तुमच्यापुढं काढता येत नसतील. तुम्हीही मनात ते जाणता, म्हणून तर इतकं लांबलं. काकांवर धरलेल्या रागातला बराचसा उशिरा मिळालेल्या सुट्टीवरचा आहे, आणि त्यातलाही थोडा स्वतःवरचा. सुट्टी देणं तुमच्या हातात नव्हतं.

शेवटचं तोंड दिसलं नाही की मन खात्री करत राहतं. ती कशी गेली असेल, आपलं नाव घेतलं असेल का, तहान लागली होती का. उत्तर मिळेपर्यंत हे प्रश्न फिरत राहतात, आणि ते ज्यांच्याजवळ आहे त्या दोघांशीच तुम्ही बोलणं सोडलं आहे. या वेळी गावी जाल तेव्हा आधी वहिनीकडे बसा. ती रात्र पहिल्यापासून सांगायला लावा. शेवटचं काय खाल्लं, कोणत्या कुशीवर होती, कोण कोण होतं, पाणी कोणी पाजलं, लुगडं कोणतं नेसवलं. मध्येच रडू आलं तर थांबा, पण अर्धवट सोडू नका, आणि तिलाही घाई करू नका, कारण तिला ते सांगायला दोन वर्षं कोणी मिळालेलं नाही. मग काकांना म्हणा, जिथं नेलं ती जागा मला दाखवा. वाटेत दोघांनी काही बोललं नाही तरी चालेल. आजीच्या तिथीला तिच्या नावानं पान तुम्ही वाढा, आणि त्या दिवसाची रजा आत्ताच मागून ठेवा.